लिलाव पुकारणारी नवसाबाई

श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी साडेसातला, गोदेकाठच्या फूलबाजारात भोंग्यावरून आवाज आला: "सर्व विक्रेत्यांना सूचित करण्यात येते की, रस्त्यावरील पाट्या, टोपल्या, हातगाड्या तत्काळ उचलाव्यात, अन्यथा माल जप्त करण्यात येईल, याची नोंद घ्यावी!"

झालं. पाच मिनिटांत अर्धा बाजार ओस पडला. कुणी शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन बोळात घुसलं, कुणी गजऱ्यांची माळच्या माळ स्वतःच्या गळ्यात घालून पळालं, आणि एक आजोबा तर गिऱ्हाइकाच्याच हातात तराजू देऊन पसार झाले. मग हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की महापालिकेची गाडी कुठंच दिसत नाही. भोंगाही नाही. भोंग्याच्या जागी नवसाबाई बसलीय, तोंडापुढं प्लॅस्टिकचा मग धरून, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय.

लोक तिला फाडून खाणार, तेवढ्यात खरी गाडी आली. साहेब खाली उतरला. मोकळा रस्ता बघून त्याने कमरेवर हात ठेवले, "वा! लोकांना शिस्त लागली," म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. त्या दिवशी नवसाबाईला अकरा जणांनी चहा पाजला. अकराव्या चहानंतर तिनं त्या साहेबाचं "वा!" करून दाखवलं, आणि बाजार हसून आडवा झाला.

नवसाबाई मखमलाबादची. नवरा भारत आणि ती, दोघं मिळून दोन बिघ्यांत झेंडू, शेवंती, गुलाब लावायची. पहाटे फुलं तोडायची, सकाळी तिनं बाजारात बसायचं. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं आडवी, नाकात मोरणी, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून तिनं भाव सांगितला तर त्या काठावरचं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागायचं. भारत एकदम उलटा. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर त्या दिवशी तो बडबड्या. नवसाबाई म्हणायची, "आमच्या घरात बोलण्याचा कोटा एकच. तो मीच वापरून टाकते, त्यांनी काय करावं?"

नकला करायची विद्या तिनं कुठं शिकली नव्हती. माहेर विंचूरचं. बाप कांद्याच्या बाजारात हमाल. शाळा सुटली की ही पोरगी भाकरी घेऊन बापाकडं जायची आणि लिलाव ऐकत उभी राहायची. ट्रॅक्टरांची रांग, पुढं लिलाव पुकारणारा, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या पुकारणाऱ्याचा आवाज म्हणजे मशीनगनच. संध्याकाळी ती घरच्या कोंबड्यांचा लिलाव पुकारायची. कोंबड्या, धाकटी बहीण आणि शेजारची शेरडं, एवढे सगळे तिचे व्यापारी.

तर अशा या नवसाबाईकडं दर शनिवारी एक बाई यायची आणि मान टाकलेला झेंडू मागायची. ताजा नको, शिळा. नाव उत्तरा. पस्तीस-चाळिशीची, सुती साडी, खांद्याला झोळी, चष्मा डोक्यावर आणि "माझा चष्मा पाहिलात का?" हा पहिला प्रश्न ठरलेला. चार शनिवार नवसाबाईनं दम धरला. पाचव्या शनिवारी तिला राहवेना.

"ताई, रागावू नका, पण तुमचा देव कंचा? शिळी फुलं चालतात त्याला?"

उत्तरा हसली. "देवाला नाही हो. मुलांना. आम्ही या फुलांचे रंग काढतो आणि चित्रं काढतो."

"शाळा हाय का तुमची?"

"शाळा नाही." उत्तरानं जरा विचार केला. "ज्या मुलांनी घरात नाहीतर बाहेर मारझोड पाहिलीय, सोसलीय, अशी मुलं येतात. बारा ते सतरा वर्षांची. त्यांना बोला म्हटलं की ती बोलत नाहीत. हातात रंग दिला, माती दिली, गाणं दिलं, की थोडं थोडं मोकळं होतं."

नवसाबाईनं त्या दिवशी झेंडूचे पैसे घेतले नाहीत, हे तिच्या शेजारच्या गजरेवालीच्यासुद्धा लक्षात आलं.

पुढच्या शनिवारी उत्तराची स्कूटर पंक्चर झाली आणि फुलांची गोणी घेऊन नवसाबाईच तिच्याबरोबर निघाली. पंचवटीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली होती. खाली म्हातारी माणसं वर्तमानपत्रं वाचायची, वर ही अकरा मुलं. नवसाबाई गोणी टेकवून परत फिरणार होती, पण दारात चपला काढायच्या आधीच तिची नजर दोन मुलांवर अडकली.

एक साई. सोळा वर्षांचा, दाराएवढा उंच, आणि समोरच्या कागदाचे शांतपणे तुकडे करत बसलेला. एक झाला की दुसरा. बाप आईला मारायचा, आणि यानं शाळेत एका मुलाचा दात पाडला होता. म्हणून तिथल्या बाईंनी इकडं पाठवला. दुसरी वेदिका. चौदा वर्षांची. कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पाय पोटाशी घेऊन बसलेली. मावशीकडं राहायची. आठ महिने झाले, मावशीशिवाय जगात कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

"हिला काय झालं?" नवसाबाईनं दबक्या आवाजात विचारलं. तिचा दबका आवाज म्हणजे बाकीच्यांचं साधं बोलणं.

"इथे ते विचारायचं नाही," उत्तरा म्हणाली. "सांगावंसं वाटलं तर मुलं सांगतात. बसा ना तुम्हीपण. काढा काहीतरी."

नवसाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरला. लाटणं धरतात तसा धरला. शेळी काढली. तेरा वर्षांची सृष्टी, जिचं तोंड सतत चालू असायचं, ती डोकावून म्हणाली, "मावशी, सोफा मस्त जमलाय."

"सोफा? अगं भवाने, शेळी हाय ती!"

"मग तिला पाय सहा का?"

"दोन तुझ्यासाठी काढले. लाथा मारायला!"

पोरं फिदीफिदी हसली. उत्तरा लगबगीनं आली, कुणी कुणाला हसलं की ती घाबरायची, आणि हळुवार आवाजात म्हणाली, "बाळांनो, इथे चूक असं काही नसतं. इथे फक्त... माझा चष्मा कुठाय?"

नवसाबाईच्या जिभेला खाज सुटली. तिनं पदर खांद्यावर घट्ट घेतला, मान डावीकडं कलती केली, आणि अगदी तोच मऊ, दुधात भिजवलेल्या पोळीसारखा आवाज काढला: "बाळांनो, इथे चूक असं काही नसतं. इथे फक्त माझा चष्मा नसतो."

मुलांनी उत्तराकडं पाहिलं. उत्तराचा चेहरा आधी पांढरा, मग गुलाबी, आणि मग तिच्या तोंडातून असा काही खिंकाळल्यासारखा आवाज निघाला की खालून वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी काठीनं छत ठोकलं. मग कोण थांबतंय! सृष्टी जमिनीवर लोळली. साईनं कागद फाडायचा थांबवून तोंड दुसरीकडं वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते. कपाटाच्या फटीतून दोन डोळे मात्र हसत नव्हते; ते नवसाबाईच्या ओठांकडं एकटक बघत होते.

त्या दिवसापासून नवसाबाईचा शनिवार ठरून गेला. दुपारी बाजार आवरायचा आणि पंचवटी गाठायची. भारतनं एकदाच विचारलं, "काय असतं तिथं?"

"पोरं असतात. मी येडे चाळे करते, ती हसतात. मग ती येडे चाळे करतात, मी हसते."

भारतनं गोणी झटकली. "आणि उत्तराताई?"

"त्या चष्मा शोधतात."

हळूहळू सगळ्या खोलीला नकलांचा नाद लागला. बाजारातली गजरेवाली, टेम्पोवाला, चहावाला, रिक्षावाला, शाळेची घंटा, कुकरची तिसरी शिट्टी, पाणीपुरीवाला. उत्तरा चित्रांच्या, मातीच्या तासाला हे जोडून घेत गेली. दुसऱ्याचा आवाज काढताना मुलांच्या अंगातला ताठरपणा सैल होतो, हे तिनं पाहिलं होतं.

लिलाव सुरू झाला तो एका मडक्यावरून. सृष्टीनं मातीचं मडकं केलं. ते एका बाजूला कलंडलेलं, तोंड वाकडं, आणि वर कान की हात असं काहीतरी. घरी न्यायला ती तयार नव्हती, ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. नवसाबाईनं कांद्याचं एक रिकामं क्रेट पालथं घातलं, त्यावर मडकं ठेवलं आणि विंचूरचा सूर लावला:

"हां बोला बोला बोला, नाशकाचं नामांकित मडकं, पाणी टिकत नाय, पीठ मावत नाय, बघणाऱ्याला झोप लागत नाय, बोला काय देता, बोला बोला!"

"एक शिंक!" कुणीतरी ओरडलं.

"एक शिंक आली, एक शिंक, शिंकेच्या वर कोण?"

"दोन उठाबशा!"

"मी उलटा चालत खाली जाऊन येतो!"

मडकं शेवटी तीन बेडूकउड्यांना गेलं, आणि त्या बेडूकउड्या साईनं मारल्या. दाराएवढा मुलगा खोलीभर उड्या मारतोय म्हटल्यावर खालून छत ठोकणं सुरूच झालं. नवसाबाईनं त्याला तिथंच पकडलं. "तुझा आवाज मोठा हाय. पुढल्या खेपेला पुकारायचं तू."

साई पुकारू लागला आणि काय पुकारू लागला! गणिताचे मार्क, तोंडावरची पुटकुळी, बसमध्ये उलटी होण्याची सवय, जे कुणाला नको ते सगळं क्रेटवर यायचं. कागदावर लिहायचं, नाहीतर मातीत करायचं, आणि विकायचं. एकानं स्वतःचं टोपणनाव विकलं आणि पुढच्या शनिवारी परत मागायला आला, कारण त्याशिवाय त्याला आई हाकच मारत नव्हती.

मग दसऱ्याच्या तीन आठवडे आधीचा शनिवार आला. साईनं स्वतःच एक चिठ्ठी क्रेटवर ठेवली. घसा साफ केला. पण लिलावाचा सूर लागेना. साध्या आवाजात तो म्हणाला, "बेल्टचा आवाज. हुकावरून काढतानाचा."

उत्तरा अर्धवट उठून उभी राहिली. नवसाबाईच्या डोळ्यांपुढं तिचं लहानपण उभं राहिलं. विंचूरचं घर. बाजेखाली ती आणि धाकटी बहीण. बापाची पावलं. त्याच्या हातात बेल्ट नसायचा, गोणी ओढायचा हूक असायचा, आणि तो भिंतीला खरवडत यायचा. बाप वाईट होता का? दारू उतरली की गुळाचा खडा आणायचा. बाजेखाली बहीण रडायला लागली की नवसा तिच्या कानात त्या बापाचीच नक्कल करायची, अडखळतं बोलणं, उचकी सगळं, आणि बहीण रडता रडता हसायची. इतक्या वर्षांत हे तिनं भारतलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"साई," ती म्हणाली, "हा माल माझ्या ओळखीचा हाय रे. माझ्याकडं बी हाय. माझा बाप हूक घासत यायचा." आणि तिनं तो आवाज काढला, दातांमधून, अगदी हळू. मग तिनं उचकी काढली. मग बापाचं ते वाक्य: "नवशे... उक्... दार कुठं गेलं गं घराचं?"

साईनं मान वर केली. "माझा बाप चप्पल शोधतो. पायातच असते."

"मग?"

"मग चपलेलाच शिव्या देतो." आणि साईनं बाप काढला. खांदे पाडून, एक डोळा मिटून, पायातली चप्पल शोधत तो खोलीभर फिरला. हसायचं की नाही ते मुलांना कळेना. सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं, पण तिच्याच्यानं ते होईना. "मी ढेकर देते!" ती किंचाळली. "बेल्टच्या आवाजाला माझा एक ढेकर!"

"एक ढेकर आला!" साईचा सूर लागला. त्याचे डोळे वाहत होते आणि आवाज खणखणीत होता. "एक ढेकर, एक वार, दोन वार..."

खालच्या मजल्यावर त्या दिवशी नक्की काय वाटलं असेल, देव जाणे.

मुलं गेल्यावर उत्तरानं दार लोटलं. "नवसाबाई, आज चांगलं झालं. पण वाईटही होऊ शकलं असतं. आज तो मोकळा झाला. दुसरं एखादं मूल घरी जाऊन कोसळलं असतं. जखमेवरची खपली त्यांची आहे. ती कधी काढायची ते त्यांनी ठरवायचं, आणि तेव्हा आपण तयार असायला हवं. मी तयार नव्हते."

"म्हंजे मी चुकले?"

"चुकलात असं नाही, पण..."

"इथं चूक असं काही नसतंय म्हणता ना तुम्ही? का ते लहान पोरांपुरतं हाय?"

नवसाबाई तरातरा जिना उतरली. पुढच्या शनिवारी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भारतला म्हणाली, "शिकल्यासवरल्यांचं काम ते. आपण झेंडू विकावा." भारत म्हणाला, "हं." पण त्या पंधरवड्यात तिनं एकही नक्कल केली नाही, आणि बाजारातली माणसं तिला ताप आलाय का ते विचारून गेली.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे डोंगर, आंब्याचे डहाळे, टेम्पो, माणसांवर माणसं. नवसाबाईचा घसा सकाळीच बसला होता. ती खाली वाकून गोणीची गाठ सोडत होती, आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला.

"घ्या गं माय झेंडू घ्या! पिवळा घ्या, केशरी घ्या, सासूला म्हणा तुमच्यासाठीच आणलाय, दोन किलो घ्या!"

नवसाबाईला वाटलं, आपला घसा आपल्याला सोडून एकटाच धंदा करू ऱ्हायला. तिनं वर पाहिलं. ढिगाच्या पलीकडं उत्तरा उभी होती, साई, सृष्टी, सगळी अकरा मुलं उभी होती, आणि सगळ्यांत पुढं, कमरेवर हात, पोट पुढं काढून, नाकात मोरणी असल्यासारखी नाकपुडी फुगवून वेदिका. तिचं तोंड उघडं होतं. त्यातूनच तो आवाज आला होता. एक बाई तिच्यापुढं पिशवी धरून म्हणालीसुद्धा, "मावशी, जरा बघून दे गं."

"बघून काय द्यायचं, फुलं हायेत का जावई हाय?" वेदिका म्हणाली. नवसाबाईचं रोजचं वाक्य, तोच हेल, तीच शेवटाला खेचलेली मान.

नवसाबाई मटकन गोणीवर बसली. ती रडली असती, पण हसू आधी आलं. मग सृष्टी हसली, मग साई, मग पिशवीवाली बाई कारण न कळताच हसायला लागली. शेजारच्या आजोबांनी तराजू खाली ठेवला. आणि इतके महिने मुकी राहिलेली पोर गळ्यात झेंडूची माळ घालून एकामागून एक सगळा फूलबाजार काढत सुटली: गजरेवाली, टेम्पोवाला, चहावाल्याचं "कटिंऽऽग!" कपाटाच्या फटीत बसून तिनं किती माणसं साठवून ठेवली होती, ते त्या दिवशी कळलं.

उत्तरा गर्दीतून वाट काढत आली. "नवसाबाई, मी जे बोलले ते बरोबर होतं. पण ज्या तऱ्हेनं बोलले ते चुकलं."

"मी बी रुसायला नको होतं," नवसाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण रुसायचं म्हटलं की मला नीटच रुसता येतं. चष्मा डोक्यावर हाय तुमच्या."

त्या दिवशी अकरा मुलांनी दोन वाजेपर्यंत सगळा झेंडू विकला. भारत संध्याकाळी टेम्पो घेऊन आला, तर न्यायला काही उरलंच नव्हतं. तो म्हणाला, "अरेच्चा." नवसाबाई म्हणते, तेवढं तो लग्नातही बोलला नव्हता.

मग दोघींनी बसून लिलावाचे नियम ठरवले. आपला माल आपणच मांडायचा, दुसऱ्यानं "मांड" म्हणायचं नाही. कुणीही कधीही "लिलाव बंद" म्हणालं की बंद, कारण विचारायचं नाही. आणि खेळ संपल्यावर घाईनं घरी पळायचं नाही. पंधरा मिनिटं सगळ्यांनी चहा-पारले घेत बसायचं, उत्तरा प्रत्येकाशी दोन शब्द बोलणार. नवसाबाईनं स्वतःचा एक नियम वाढवला: ढेकर एकदाच.

डिसेंबरात मुलांनी ठरवलं की घरच्यांना बोलावून लिलाव करून दाखवायचा. ज्यांना आपलं खरं मांडायचं नव्हतं त्यांनी खोटं रचलं, कुणाचं कोणतं ते ओळखू येणार नाही असं. खोलीत पन्नासेक खुर्च्या लागल्या. पुकारणारा साई, आणि सुरुवातीला नवसाबाईनं चार शब्द बोलायचे. सगळा बाजार डोक्यावर घेणारी ती बाई त्या दिवशी समोर आली आणि खांबासारखी उभी राहिली. पुढच्या रांगेत भारत, इस्त्रीची टोपी घालून. तिला काही म्हणता काही आठवेना.

वेदिकानं उत्तराच्या डोक्यावरचा चष्मा काढला, स्वतःच्या नाकावर लावला आणि नवसाबाईच्या शेजारी येऊन मऊ आवाजात म्हणाली, "बाळा नवसा, घाबरायचं नाही हं. खोल श्वास घ्यायचा. आणि दम लागला तर जिना डावीकडे आहे." लोक इतके हसले की नवसाबाईला भाषण करावंच लागलं नाही.

लिलाव रंगला. "अंधारात जिन्यात जायची भीती" सहा टाळ्यांना गेली. "मामाचं कान पिळणं" एका कोंबड्याच्या आरवण्याला गेलं, आणि आरवला तो खुद्द मामाच, हे नंतर कळलं. शेवटचा माल झाला, साईनं क्रेट उचललं, आणि मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. हिरवी साडी, हातात पर्स घट्ट धरलेली. साईची आई.

"माझा एक माल आहे," ती म्हणाली. "घ्याल का?"

साई जागच्या जागी थिजला. क्रेट त्याच्या हातातच होतं. त्यानं उत्तराकडं पाहिलं. उत्तरानं हळूच मान हलवली. त्यानं क्रेट पालथं ठेवलं. "बोल आई."

"'लोक काय म्हणतील.' सतरा वर्षं सांभाळलंय. जड आहे."

साईनं बाह्या वर सारल्या. मग पुकारलं, पण काय तो आवाज! विंचूरच्या बाजारात ऐकू गेला असेल. "बोला बोला बोला, 'लोक काय म्हणतील', सतरा वर्षं जुना माल, घरोघर चालतो, बोला काय देता!"

एका आजींनी आपली कवळी देऊ केली. कुणी नागीण डान्स. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून भारत उठला. टोपी सारखी केली. "मी शिट्टी वाजवतो," म्हणाला. नवसाबाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि अशी कडक शिट्टी घातली की खिडकीतली कबुतरं उडाली. तीस वर्षांच्या संसारात तिला ठाऊक नव्हतं हे!

"एक वार, दोन वार, तीन वार! गेलं! टोपीवाल्या काकांना गेलं!"

साईची आई खाली बसली आणि पर्समध्ये तोंड घालून हसत राहिली. फेब्रुवारीत ती साईला घेऊन माहेरी, भावाकडं राहायला गेली. उत्तरानं वकील बघून दिला. हे त्या शिट्टीनं झालं असं कुणी म्हणत नाही. ती बाई बरेच दिवस मनाशी घोळवत होती, असं ती स्वतःच म्हणाली.

सगळं काही गोड झालं असंही नाही. साईनं मार्चमध्ये शाळेत एका वर्गाची काच फोडली, आणि शनिवारी येऊन "मुठीचा राग" क्रेटवर मांडला. पहिल्या लिलावात गेला नाही. वेदिका बोलते, पण एखादा आठवडा असा येतो की ती परत फटीत जाऊन बसते. तेव्हा कुणी तिला ओढून काढत नाही. सृष्टी फटीबाहेर बसून एकटीच दोघींचं बोलत राहते.

यंदाच्या जुलैत उत्तरानं हरसूलकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाशी बोलणं केलं. तिथल्या बाईंनी बोलावलं होतं. नवसाबाई उत्तराबरोबर एसटीनं गेली, मोठ्या ऐटीत, क्रेट मांडीवर घेऊन. अंगणात पंचवीस मुली समोर ओळीत बसल्या होत्या. तिनं आपला सगळा खजिना उघडला: भोंगेवाला साहेब, टेम्पोवाला, पाणीपुरीवाला, "कटिंऽऽग!" एकही मुलगी हसली नाही. त्यातलं एकही माणूस त्यांनी पाहिलेलं नव्हतं. नवसाबाईला घाम फुटला. उत्तरा कानाशी म्हणाली, "राहू द्या. त्यांना विचारा."

"बायांनो," नवसाबाई म्हणाली, "माझं दुकान बंद. तुमचं उघडा. तुमच्याकडं कोण चालतं कसं, मला दाखवा."

मुली एकमेकींकडं बघत राहिल्या. मग दहा-बारा वर्षांची, दोन वेण्यांची एक उठली. तिनं परकर खोचला, वाकली, आणि भाताच्या लावणीत चिखलातून पाय उपसत मागं मागं चालणारी तिची आजी काढली. आजी चालता चालता पोरीला ओरडतेय, एका हातानं कंबर धरतेय, दुसऱ्यानं डास मारतेय. मुली खुदखुदल्या. "अशी?" म्हणत नवसाबाई उठली आणि मागं चालायला लागली.

"अशी नाय गं बाई, पाय असा उपटायचा!"

"असा?"

"अगं मागं बघ, मागं!"

मागं वसतिगृहाचं अंगण संपत होतं आणि भाताचं खाचर सुरू होत होतं. नवसाबाईनं मागं बघितलं तेव्हा तिचा एक पाय हवेत होता. ती पाठमोरी, नऊवारीसकट, फतकन चिखलात बसली. मग पंचवीसच्या पंचवीस मुली अशा हसत सुटल्या की स्वयंपाकघरातून बाई झारा घेऊन धावत आल्या. दोन वेण्यांची ती पोर तर हसता हसता स्वतःच खाचरात उतरली, तिला काढायला दुसरी, दुसरीला काढायला तिसरी.

संध्याकाळच्या एसटीत नवसाबाई चढली, तेव्हा पदरापासून पायापर्यंत वाळलेला चिखल. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. "मावशी, लावणीला गेल्या होत्या का?"

"हो ना," नवसाबाई म्हणाली, "पंचवीस रोपं लावून आले." आणि मग खिडकीशी बसून ती त्या आजीचा डास मारणारा हात, डासाच्या गुणगुणण्यासकट, बसवायला लागली. उत्तरा शेजारी बसून सांगत होती, "मनगट जरा सैल ठेवा, तिनं सैल ठेवलं होतं." अंबोलीच्या फाट्यापर्यंत दोघींचं तेच चाललं होतं, आणि पुढच्या सीटवरची दोन माणसं आपल्या मानेवरचा डास शोधत होती.